आजी म्हणते, कुणी गेलं नसताना हे म्हणायचं नाही. मग शिकायचं कसं?

घरकुलची_नात
आम्ही पद्मशाली. पणजोबा करीमनगरकडून मागावर काम करायला सोलापुरात आले. आमच्याकडे मयताला जाणत्या बायका तेलुगूत सुरात रडतात. गेलेल्याचं गाव, त्याचा माग, त्यानं कुणाचं लग्न लावून दिलं, सगळं त्यात येतं. विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, आमच्या गल्लीत हे नीट येणारी आता आजीच उरली. मला शिकायचंय. पण ती म्हणते, घरात कुणी गेलं नसताना असलं तोंडातून काढू नये. आणि मयताच्या घरी मोबाइल पुढे धरायचा मला धीर होत नाही. काय करू?

साखरपेठची_लेक
माहेर साखर पेठ, आता मिनेसोटात सेंट पॉलला असते. इथे ह्मोंग लोक खूप आहेत, १९७५ नंतर लाओसमधून निर्वासित होऊन आलेले. त्यांचं मयत बहुधा शुक्रवारी सुरू होतं ते सोमवारी दफन होईपर्यंत, रात्रंदिवस. एक जाणता गेलेल्याला वाट सांगतो: सेंट पॉल, मग थायलंडमधली छावणी, मग लाओसचं गाव. जिथे जिथे राहिला ते उलट क्रमानं, थेट जन्मल्या जागेपर्यंत. तिथे पुरलेली आपली वार, म्हणजे जन्माच्या वेळी बाळामागून पडते ती, घेऊनच जीव पूर्वजांकडे जातो, असं मानतात. सोबत ढोल आणि केंग, म्हणजे बांबूच्या सहा नळ्यांचं फुंकून वाजवायचं वाद्य. त्याच्या सुरांतून शब्द बोलतात, जाणकाराला ते कळतात. मी ऐकलंय, अंगावर काटा येतो गं.

त्यांनाही तुझीच अडचण. मयताचं हे सगळं राहत्या घरात काढायचं नाही. म्हणून पोरं घराबाहेर शिकतात. इथल्या ह्मोंग कल्चरल सेंटरमध्ये केंगचे वर्गही चालवले गेलेत. तू आजीला घरात बसवूच नकोस. शेतात ने, नाहीतर कुणाच्या कारखान्याच्या शेडमध्ये.

टॉवेलवाला
पुण्याला गेलेली आमची पोरं तेलुगू बोलतच नाहीत, ती काय रडणार? तू तरी शीक. माझी आई मोठ्या बायकांच्या मागं बसून री ओढत शिकली. मोबाइल राहू दे बाजूला.

घरकुलची_नात
आजीला विचारलं. शेडमध्ये यायला तयार झाली! पण आजोबांचंच म्हणेन, जित्या माणसाचं नाव घेणार नाही, अशी अट आहे. चुलत्यांचे माग बंद असतील त्या दिवशी जातोय. ताई, मी तिच्या मागंच बसेन.