कोर्टातला आरोपी आणि बंदरातला कंटेनर

नेरूळकर (धागाकर्ता)

१ डिसेंबर २०१८ रोजी कॅनडाने व्हँकुव्हरच्या विमानतळावर हुआवे कंपनीच्या वित्तप्रमुख मेंग वानझोऊ यांना अमेरिकेच्या विनंतीवरून अटक केली. दोन्ही देशांत प्रत्यार्पणाचा करार होता आणि त्यानुसार जे करणे भाग होते तेच कॅनडाने केले. १० डिसेंबरला चीनने मायकल कोवरिग आणि मायकल स्पेव्हर या दोन कॅनेडियन नागरिकांना ताब्यात घेतले. जानेवारीत, अमली पदार्थांच्या खटल्यात आधी १५ वर्षांची शिक्षा झालेल्या तिसऱ्या कॅनेडियन नागरिकाला एका दिवसाच्या फेरसुनावणीत मृत्युदंड सुनावण्यात आला. मार्चमध्ये कॅनडाच्या दोन मोठ्या कंपन्यांकडून कॅनोला घेणे चीनने थांबवले आणि कागदावर कारण दिले ते कीड सापडल्याचे. कॅनोला हे आपल्या मोहरीच्या कुळातले तेलबी असून कॅनडाच्या त्या निर्यातीपैकी सुमारे ४०% एकट्या चीनला जात असे.

क्लिअरिंग एजंटच्या कचेरीत न्हावा शेवाच्या मालाची बिल ऑफ एंट्री (आयात मालाची सीमाशुल्क खात्यात द्यायची कागदपत्रे) भरण्यात मी तीस वर्षे घालवली आहेत, त्यामुळे ‘कीड सापडली’ या दोन शब्दांचे वजन मला चांगले ठाऊक आहे. कीड खरोखरच सापडते आणि जगात कुठे कुठे ती वरून आलेल्या फोनमुळेही सापडते. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही कागद अगदी सारखे दिसतात. एकाधिकारशाही राजवटीचे बळ नेमके या सारखेपणात आहे, कारण तिला बहिष्कार जाहीर करावा लागत नाही आणि पुढे तो मागे घेतला हेही सांगावे लागत नाही.

माझे मत असे आहे की, कितीही माल अडकला तरी लोकशाही देशाने आपल्या न्यायालयातला खटला व्यापाराच्या तराजूत टाकू नये. मात्र त्या ठामपणाची किंमत कोण मोजणार हे आधी ठरवून ती सर्वांनी वाटून घेतली पाहिजे. न्यायालयाचे स्वातंत्र्य जपल्याचा मान राजधानी ओटावातल्या सरकारला मिळाला आणि झळ सस्कॅचवान प्रांतातल्या कॅनोला पिकवणाऱ्या शेतकऱ्याला बसली. २०२१ मध्ये राजधानी विल्नियसमध्ये तैवानचे कार्यालय उघडू दिल्याबद्दल चीनने लिथुआनियाचा माल अडवला, तेव्हा युरोपीय संघाला हे उमगले. डिसेंबर २०२३ पासून लागू झालेल्या त्यांच्या दबावविरोधी कायद्याने एका सदस्यावरच्या आर्थिक जबरदस्तीला संपूर्ण संघ उत्तर देऊ शकतो. भारतालाही अशी तरतूद हवी, असे मला वाटते. आपले काय मत आहे?

रबाळेकर

नेरूळकर साहेब, तत्त्व उत्तम आहे, पण त्याचे बिल माझ्या शेडवर येते. रबाळे एमआयडीसीत माझा औषधांची इंटरमीडिएट (औषध तयार होण्याआधीच्या टप्प्यावरची रसायने) बनवण्याचा लहान कारखाना आहे. जून २०२० मध्ये गलवान घडले, महिनाअखेरीस सरकारने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली आणि त्याच सुमारास चीनहून आलेले माझे ड्रम बंदरात अडकून पडले. लेखी आदेश मला कोणी दाखवला नाही. डेमरेज आणि डिटेन्शन (माल व कंटेनर अडकून राहिल्याचे विलंबशुल्क) मी भरले, पुढच्या ग्राहकाला दिलेली तारीख माझी चुकली आणि त्यानंतर तो ग्राहक परत आला नाही. वरून येणारा फोन फक्त बीजिंगमध्येच वाजतो, या समजुतीत कृपया राहू नये.

इतके होऊनही २०२४-२५ मध्ये चीनबरोबरची आपली व्यापारी तूट सुमारे ९९ अब्ज डॉलरवर गेली. १९५४ साली स्थापन झालेल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये आपण स्वतः पेनिसिलिन बनवत होतो. पुढे स्वस्त चिनी मालापुढे देशातले ते उत्पादन बंद पडले आणि आपण स्वस्ताईचे कौतुक करत राहिलो. ज्याच्याकडून कच्चा माल घेतल्याशिवाय आपली भट्टी पेटत नाही, त्याला न्यायाचे धडे देण्यात शहाणपण नाही.

या बाबतीत मी जपानला मानतो. सप्टेंबर २०१० मध्ये, दोन्ही देश हक्क सांगतात त्या सेन्काकू बेटांजवळ जपानी तटरक्षक नौकांना धडकलेल्या चिनी मासेमारी बोटीच्या कप्तानाला जपानने अटक केली. थोड्याच दिवसांत इलेक्ट्रॉनिक वस्तूंना लागणाऱ्या दुर्मिळ मृदा खनिजांची चीनकडून होणारी आवक अडखळली आणि २४ तारखेला कप्तानाला सोडण्याचा निर्णय जाहीर झाला. लोकांनी नावे ठेवली. जपानने मात्र गाजावाजा न करता ऑस्ट्रेलियातील खाण कंपनीत पैसा गुंतवला, पर्यायी पदार्थ शोधले आणि सुमारे ९०% असलेले चीनवरचे अवलंबित्व पुढच्या दशकभरात ६०% च्या आसपास आणले. आधी पायाखालची जमीन घट्ट करावी, मग आवाज चढवावा.

कोर्टनाका

मी ठाण्याच्या न्यायालयात वकिली करतो, त्यामुळे धागाकर्त्यांच्या बाजूने मी बोलेन अशी अपेक्षा असेल, पण त्यांनी मांडलेले चित्र फार स्वच्छ आहे. मेंग यांच्या अटकेनंतर त्याच डिसेंबरात अध्यक्ष ट्रम्प यांनी जाहीर मुलाखतीत सांगितले की, चीनशी व्यापारकरार होण्यास मदत होणार असेल तर या प्रकरणात आपण हस्तक्षेप करू. बचाव पक्षाला याहून मोठी भेट कोणती? शेवटी २४ सप्टेंबर २०२१ रोजी अमेरिकेने मेंग यांच्याशी खटला पुढे ढकलून, अटी पाळल्यास तो सोडून देण्याचा करार केला, मेंग विमानात बसल्या आणि त्याच दिवशी दोन्ही मायकलांचे विमान चीनहून निघाले. याला अदलाबदल म्हणायचे नसेल तर दुसरा शब्द आपण सुचवावा.

जुलै २०२५ मध्ये तर लोकशाही देशानेच लोकशाही देशाच्या न्यायालयावर व्यापाराचा दंडुका उगारला. माजी अध्यक्ष बोल्सोनारो यांच्यावरील खटल्याचे कारण पुढे करून अमेरिकेने ब्राझीलच्या मालावर ५०% शुल्क जाहीर केले आणि खटला चालवणाऱ्या न्यायमूर्तींवर निर्बंध लादले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रशियन तेलाचा मुद्दा काढून आपल्यावरचे शुल्कही एकूण ५०% पर्यंत नेण्यात आले. एकाधिकारशाही विरुद्ध लोकशाही अशी रेघ ओढण्यापेक्षा मोठी बाजारपेठ विरुद्ध लहान बाजारपेठ अशी रेघ ओढली, तर अधिक घटना योग्य जागी बसतात.

एकजुटीबद्दलही एक आठवण करून देतो. ऑस्ट्रेलियाने एप्रिल २०२० मध्ये कोविडच्या उगमाच्या स्वतंत्र चौकशीची मागणी केल्यावर चीनने त्यांच्या बार्लीवर ८०.५% शुल्क बसवले आणि कोळसाही अडवला. चीनमध्ये अडकलेला तो कोळसा २०२१ मध्ये सवलतीच्या दरात भारतीय कंपन्यांनी उचलला. किंमत वाटून घेण्याची गोष्ट आपण करतो, तेव्हा इतरांच्या अडचणीत आपण केलेली खरेदीही हिशेबात धरावी.

खारघरवासी

वकीलसाहेबांच्या रेघेशी मी सहमत नाही, कारण ब्राझीलचे उदाहरण त्यांच्याच विरुद्ध जाते. शुल्क लागले, तरी ११ सप्टेंबर २०२५ रोजी ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाने बोल्सोनारो यांना दोषी ठरवून २७ वर्षे ३ महिन्यांची शिक्षा सुनावली आणि नोव्हेंबरमध्ये कॉफी व गोमांसावरचे वाढीव शुल्क अमेरिकेलाच मागे घ्यावे लागले. बाजारपेठ मोठी होती, पण न्यायालय हलले नाही.

माझ्या घरापासून तळोजा कारागृह लांब नाही आणि तिथे अनेक वर्षे राहिलेल्या अबू सालेमचे प्रकरण या चर्चेत यायलाच हवे. त्याला मृत्युदंड किंवा २५ वर्षांहून अधिक कारावास होणार नाही, असे आश्वासन भारताने २००२ मध्ये पोर्तुगालला दिले आणि २००५ मध्ये तो आपल्या ताब्यात आला. पुढे त्याला जन्मठेप झाली. १९९३ च्या बॉम्बस्फोटांत माणसे गमावलेल्या कुटुंबांना ते आश्वासन कसे वाटले असेल, याची कल्पना मी करू शकते. तरीही जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारला बजावले की, दिलेला शब्द पाळावाच लागेल. विजय मल्ल्यांच्या प्रकरणात लंडनच्या न्यायालयाने, त्यांना जिथे ठेवायचे होते त्या आर्थर रोडच्या बराक क्रमांक १२ चे चित्रीकरण मागवले, तेव्हा आपल्याला राग आला होता. पण आपण ते पाठवले. कॅनडानेही मेंग यांची बाजू भक्कम असल्याचे जाहीरपणे बोलणाऱ्या चीनमधल्या आपल्याच राजदूताला जानेवारी २०१९ मध्ये पदावरून दूर केले. ट्रम्प जे बोलले ते उघड बोलले, म्हणूनच बचाव पक्षाला ते न्यायालयात मांडता आले. कोवरिग आणि स्पेव्हर यांच्यावरचा खटला बंद दाराआड चालला. हा फरक बाजारपेठेच्या आकाराने पुसला जात नाही.

पाचपाखाडी

सर्वांचे वाचले. कतारमध्ये ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या आठ माजी नौसैनिकांना मृत्युदंड झाला, डिसेंबरमध्ये तो कमी झाला आणि १२ फेब्रुवारी २०२४ रोजी त्यांच्या सुटकेची बातमी आली. त्याच महिन्याच्या ६ तारखेला पेट्रोनेट या वायू आयात करणाऱ्या भारतीय कंपनीने कतारशी वर्षाला ७५ लाख टन द्रवरूप वायू घेण्याचा करार २०२८ पासून पुढे २० वर्षांसाठी वाढवला होता. दोन्हींचा संबंध होता असा पुरावा माझ्याकडे नाही आणि तसा दावाही मी करत नाही. प्रश्न एवढाच आहे की, संबंध असता, तर या चर्चेतल्या किती जणांनी करारावर सही करू नका असे म्हटले असते?

नेरूळकर

पाचपाखाडी, मी तरी म्हटले नसते. पण तिथे पणाला लागले होते ते कतारचे न्यायालय. आपल्या माणसाला परक्या तुरुंगातून सोडवण्यासाठी वाटाघाट करणे ही मुत्सद्देगिरी आहे. आपल्या न्यायाधीशासमोरचा खटला त्यासाठी गुंडाळणे मला मान्य नाही. मायकलांच्या बाबतीत या दोन गोष्टी एकमेकींत अडकल्या होत्या, हे वकीलसाहेबांचे म्हणणे मला नाकारता येत नाही, आणि त्यांच्या कोळशाच्या मुद्द्यावरही माझ्याकडे उत्तर नाही.

रबाळेकर, जपानबद्दल मात्र आपल्याशी मतभेद आहे. कप्तानाला सोडताना नाहा येथील सरकारी अभियोक्त्यांनी जपान-चीन संबंधांचा विचार केल्याचे सांगितले. अभियोक्त्याने कायद्याऐवजी परराष्ट्र धोरणाचे कारण द्यावे, हे मला खटकते. पुढची गुंतवणूक कप्तानाला न सोडताही करता आली असती. आपण भरलेल्या डेमरेजची हकीगत मात्र माझ्याच मुद्द्याला बळ देते. देशाच्या निर्णयापायी माल अडकला असेल, तर तो भार देशानेच उचलायला हवा.

रबाळेकर

साहेब, एवढ्यावर आपले एकमत आहे. २०२० च्या पावत्या मी अजून फाइलमध्ये ठेवल्या आहेत. आपली तरतूद झाली, तर त्या कोणत्या खिडकीवर घेऊन जायच्या, ते तेवढे कळवावे.