अँग्रची पेन्सिल रेखाटनं: चित्राची तयारी की चित्राहून सरस?

कागदवेडी:
पॅरिसजवळच्या दाँपिएरच्या वाड्यात 'सुवर्णयुग' हे भित्तिचित्र काढायचं काम फ्रेंच चित्रकार अँग्रला १८३९ मध्ये मिळालं. त्यासाठी त्यानं पाचशेच्या वर रेखाटनं केली, भिंत मात्र अपुरीच राहिली. १८४९ मध्ये बायको गेल्यावर त्यानं ते काम पुन्हा हातात घेतलंच नाही. माझ्या मते ही रेखाटनं त्या भिंतीपेक्षा सरस आहेत. काही पानांवर एकाच खांद्यातून दोन-तीन हात निघालेले दिसतात, एक पुसट, एक ठसठशीत. शेजारच्या आकृतीला हात कुठे टेकेल, ते तो चाचपत होता. नको झालेली रेघही त्यानं तशीच राहू दिली. रंग चढला की हे सगळं झाकलं जातं.

रंगपेटी:
अजिबात पटलं नाही. सुटे देह कितीही सुरेख असले तरी त्यांची बेरीज म्हणजे समूह नव्हे. डावीकडे अ‍ॅस्ट्रिया देवीभोवती जमलेली माणसं, मधे वेदीभोवती फेर धरलेली, उजवीकडे जोडपी नि लेकरं: हे घोळके एकमेकांना तोलून धरतात ते पूर्ण रचनेतच. ऐंशी ओलांडल्यावर, १८६२ मध्ये, अँग्रनं हाच विषय लहान आकारात पुन्हा रंगवला. रेखाटनांवर त्याचं भागत असतं तर त्या वयात एवढा खटाटोप का केला असता?

पाटीपेन्सिल:
मी शाळेत चित्रकला शिकवते, म्हणून राहवलं नाही. मुलांना माणसांचा घोळका काढायला सांगितला की सगळी माणसं एका ओळीत उभी राहतात, फोटोला उभी केल्यासारखी. अशा वेळी मी तयार चित्र नाही, कच्चं पान दाखवते. कोणाचा पाय कोणामागे दडलाय, भार कुठल्या टाचेवर आहे, ते तिथेच कळतं. मी कागदवेडीच्या बाजूची.

रंगपेटी:
ताई, वर्गातला उपयोग मान्य. पण उपयोगी असणं वेगळं, श्रेष्ठ असणं वेगळं.

कागदवेडी:
१८६२ च्या चित्राला माझ्याकडे उत्तर नाही. पण १८६७ मध्ये तो गेला तेव्हा चार हजारांवर रेखाटनं त्यानं मोंतोबाँ या आपल्या जन्मगावाला देऊन ठेवली होती. नुसता कच्चा माल वाटला असता तर इतकी जपली असती?

रंगपेटी:
जपली, कारण ती त्याला कामाला लागत. आकृती एकदा सापडली की तो ती सोडत नसे. १८०८ मध्ये रंगवलेली पाठमोरी बसलेली बाई चौपन्न वर्षांनी त्याच्या 'तुर्की हमाम'मध्ये परत आलीय, तशीच पाठमोरी, फक्त हातात तंतुवाद्य घेऊन.