मदत हवी आहे: कांद्याच्या पापुद्र्यात हरितलवक का दिसत नाही?

लेक आठवीत आहे. काल तिने कांद्याचा पापुद्रा काचपट्टीवर घेतला, आयोडीनचा थेंब टाकला आणि भाच्याकडून आणलेल्या मायक्रोस्कोपखाली ठेवला. विटा रचल्यासारख्या पेशी छान दिसल्या. पण पुस्तकातल्या पेशीच्या आकृतीत हरितलवक (हिरवा कण) आहे, तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) आहे. इथे दोन्हींचा पत्ता नाही. केंद्रक म्हणजे एक पिवळट-तपकिरी ठिपका, तोही मधोमध नाही, भिंतीला चिकटलेला. शिवाय जाड काळ्या कडेचे चार-पाच गोल दिसतात, त्यांना तिने ‘रिक्तिका’ (पेशीतली रसाची पिशवी) असं नाव देऊन टाकलंय. वही परवा द्यायची आहे. आमचं काय चुकलं? आणि हरितलवक असताना झाडाला तंतुकणिका लागतेच कशाला? मी कॉमर्सवाली, उत्तर देता येईना.

प्रतिसाद १:
ताई, आधी ते काळे गोल खोडायला सांगा. हवेचे बुडबुडे आहेत ते! कव्हरस्लिप (वर ठेवायची पातळ काच) एका कडेने टेकवून सुईच्या आधाराने हळूहळू सोडली की येत नाहीत. आमच्या कॉलेजातही दरवर्षी कुणीतरी बुडबुड्याचं केंद्रक करतंच.

कांदा हा साठवणीचा भाग, त्याच्या पापुद्र्यात हरितलवकं नसतात. ती बघायची तर मत्स्यालयातल्या हायड्रिलाचं एक पान तसंच ठेवा, रंग न घालता. तंतुकणिका कांद्यात आहेत, पण जाडीला जेमतेम एक मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. शाळेच्या मायक्रोस्कोपला त्या झेपत नाहीत.

रिक्तिका मात्र तुमच्या डोळ्यांसमोरच आहे. पेशीतली बहुतेक जागा तिनेच व्यापलीय, म्हणून केंद्रक बिचारं कडेला. लाल कांद्याच्या पाकळीच्या बाहेरच्या अंगाचा जांभळा पापुद्रा घ्या. तो रंग रिक्तिकेतल्या रसाचाच असतो. वर मिठाचं पाणी सोडलंत की जांभळा भाग भिंतीपासून सुटून आक्रसतो, भिंत जागची हलत नाही.

प्रतिसाद २:
तंतुकणिकेचं सांगतो. हरितलवक उजेडात साखर बनवतं. त्या साखरेतून पेशीला वापरता येईल अशी ऊर्जा, म्हणजे एटीपी, मुख्यतः तंतुकणिका काढते. रात्री काय? आणि मुळांना तर उजेडच नाही. म्हणून झाडाला दोन्ही लागतात.

धागाकर्ती:
जांभळा पापुद्रा आत्ताच करून पाहिला. मीठ जरा जास्तच पडलं, पण दोनेक मिनिटांत रंग आत ओढला गेला! लेक आता बुडबुडे खोडतेय, पेनाने काढले होते.