प्रति: सीझन तिकिटं स्वस्त केली तर

‘फुटबॉलच्या सीझन तिकिटांचे (मोसमभरातले घरच्या मैदानावरचे लीग सामने बघायच्या एकाच तिकिटाचे) दर निम्मे करा, मैदान भरेल आणि संघ आपोआप वरच्या लीगमध्ये जाईल’ यातला पहिला भाग मान्य. दुसरा नाही. ब्रॅडफर्ड सिटी या इंग्लिश क्लबने 2007 मध्ये तिथल्या लीगच्या चौथ्या स्तरावर घसरल्यावर मोठ्यांचं सीझन तिकीट 138 पौंडांना विकलं. व्हॅली परेड या त्यांच्या मैदानावर त्या स्तराच्या मानाने अफाट गर्दी जमली, पण बढती मिळायला 2013 उजाडलं! गर्दी गोल करत नाही.

इथे कुणी करांचा मुद्दा काढलेला नाही. पुढे 2015-16 च्या मोसमात ब्रॅडफर्डने दर 149 पौंड ठेवला होता. ब्रिटनमध्ये मूळ किमतीवरचा 20 टक्के व्हॅट तिकिटाच्या दरातच धरलेला असतो, म्हणजे क्लबच्या हाती साधारण 124 उरतात. घरचे सामने 23. भागाकार केला तर सामन्यामागे साडेपाच पौंडांहूनही कमी. त्यातून पोलीस, कर्मचारी, दिवे. हे पैसे उन्हाळ्यात, सामने बंद असताना एकरकमी येतात, हा मात्र लहान क्लबांना खरा आधार असतो.

शिवाय स्वस्तात घेतलेलं तिकीट वाया गेल्याचं कुणाला फारसं वाटत नाही. मंगळवारी रात्री पाऊस असला की लोक घरीच बसतात. मैदानावरची चहा आणि ‘पाय’ (सारण भरून भाजलेला पदार्थ) यांची विक्रीही बुडते. अनेक क्लब विकलेली तिकिटंच हजेरी म्हणून जाहीर करतात, त्यामुळे आकडा फसवा. माझ्या मते सरसकट कपातीपेक्षा शाळकरी मुलांची तिकिटं जवळपास फुकट द्यावीत. मुलाला सोडायला आलेला बाप पूर्ण दराने आत येतोच.