पाजवणे की परजणे? आजोबांनी पासेचं नेमकं काय केलं?

वावरकर:
एका दिवाळी अंकासाठी आजोबांच्या शेतीवर लेख दिला होता. गाव वऱ्हाडातल्या दारव्हा तालुक्यातलं. त्यातलं वाक्य असं होतं: 'मिरग लागायच्या आत आजोबा वखराची पास खात्याकडून पाजवून आणत.' पास म्हणजे वखराचं माती कापणारं लोखंडी पातं. तपासून आलेल्या प्रतीत 'पाजवून'चं 'परजून' झालंय. 'खात्याकडून' या शब्दाखाली लाल रेघ आणि बाजूला प्रश्न, 'कृषी खाते का?' ते एक वेळ जाऊ द्या. पण 'पाजवणे' हा शब्दच मराठीत नाही, असं मला फोनवर ऐकवलं. खरंच नाही?

जुनापेठी:
परजणे म्हणजे हत्यार उगारून फिरवणं. आजोबा ती पास डोक्याभोवती गरगर फिरवत घरी येत असतील तर दुरुस्ती बरोबर आहे.

तळटीप:
'धार लावून आणत' लिहा, वाद मिटला. बोलीतला प्रत्येक शब्द छापलाच पाहिजे असा हट्ट कशाला?

भातेवाला:
मिटत नाही. माझे वडील खाती, म्हणजे लोहार होते, शाळेतून आलो की भाता माझ्याकडे. धार लावणं हे दगडावरचं किंवा कानशीचं काम, ते घरीही होतं. पाजवायला भट्टी लागते. बोथट पास लाल करायची, ऐरणीवर ठोकून तिचं तोंड पातळ काढायचं, पुन्हा तापवायची आणि फक्त तोंड पाण्यात धरायचं. मागच्या अंगात ऊब उरलेली असते, ती हळूहळू धारेकडे चढते. तोंड घासून पांढरं केलं की रंग सरकताना दिसतो: आधी वाळल्या गवतासारखा पिवळा, मग जांभळा, मग निळा. इळ्याला, म्हणजे विळ्याला, पिवळ्यावरच थांबवत. पासेला वावरातले गोटे झेलायचे असतात, म्हणून तिला जांभळ्यापर्यंत जाऊ देत आणि मग पुन्हा पाण्यात. पहिल्या पाण्यावरच सोडली तर टवका उडतो, फार उतरली तर धार वळते. हे सगळं दुकानातल्या अंधारात, कारण उन्हात तापलेल्या लोखंडाचा रंग कळत नाही. साध्या सळईला कितीही पाणी पाजा, ती पीत नाही. म्हणून वडील जीपच्या कमानीचा जुना पाटा शोधत फिरायचे. 'पाजवणे'मध्ये एवढं सगळं येतं. धार लावून आणत म्हणे!

तळटीप:
प्रक्रिया छान सांगितलीत. पण शस्त्राला पाणी देणं ही कल्पनाच फारशीतली आहे. आब म्हणजे पाणी, त्यावरून आबदार तलवार. पोलाद हा शब्दही तिकडचाच. तेव्हा अस्सल देशी शब्द म्हणून मिरवू नका.

जुनापेठी:
सुश्रुताला फारशी येत होती का? सूत्रस्थानाच्या ८ व्या अध्यायात शल्यकर्माच्या शस्त्रांबद्दल लिहिलंय, 'तेषां पायना त्रिविधा क्षारोदकतैलेषु'. क्षारात पाजलेलं शस्त्र हाड कापायला, पाण्यात पाजलेलं मांसाला, तेलात पाजलेलं शिरेला. पायना म्हणजे पाजणंच. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत खड्गाच्या प्रकरणात 'शस्त्रपान' असा शब्दच आहे, आणि तिथे तर रक्त, तूप, पाणी असे पर्याय दिलेत, ज्याची जशी इच्छा तसं. पोलादाला तीक्ष्ण म्हणत, त्याचंच मराठीत तिखे झालं. पोलाद बाहेरून आलं ते शब्द म्हणून, वस्तू म्हणून नव्हे.

अक्कलखाते:
माझं मत वेगळं. मूळ शब्द 'पाजळणे', प्रज्वलनापासून. दिवा पाजळतात तसं लोखंड विस्तवात पाजळायचं. वऱ्हाडात ळ टिकत नाही, म्हणून झालं पाजवणे. पाण्याचा काही संबंध नाही.

इयावाला:
भाऊ, तुमी अक्कल पाजळून राहिले. आमच्याइकडे ळ चा य होते. पोळ्याचा पोया, फाळाचा फाय, इळ्याचा इया. मंग पाजळण्याचं पाजयणं व्हाले पायजे होतं, पाजवणं कसं झालं? व कुठून आला थो सांगा.

अक्कलखाते:
अपवाद असतात.

इयावाला:
हव, तुमच्यापुरते.

वावरकर:
मुद्द्यावर येऊ का? परवापर्यंत प्रत परत पाठवायची आहे. तळटीप देऊ की शब्द बदलू?

माळवी:
खाती म्हणजे लोहार हे कुणी ठरवलं? आमच्या माळव्यात खाती म्हणजे सुतार.

भातेवाला:
तुमच्याकडे असेल. आमच्याकडे वखराचं खोड सुतार करतो, पास खाती घडवतो. बलुतं दोघांचं वेगळं, आणि उशीर झाला की शिव्या दोघांना सारख्याच.

पेंचकाठी:
विदर्भात लोखंडाचा विषय निघाला आणि नायकुंडचं नाव नाही? पारशिवनी तालुक्यात, पेंचच्या काठी, उत्खननात लोखंड गाळायची भट्टी निघाली आहे, शिळावर्तुळांच्या काळातली. अडीच हजार वर्षांपेक्षा जुनी. तुमचं पुणं तेव्हा कुठे होतं ते बघा.

तळटीप:
इथे पुण्याचा काय संबंध?

जुनापेठी:
भट्टी सापडली हे खरं, पण ती गाळायची. पाजवण्याबद्दल तीवरून काही सिद्ध होत नाही.

माळवी:
एक शंका. तलवारीसारखीच 'पास'ही स्त्रीलिंगी, मग नांगराचा 'फाळ' पुल्लिंगी का?

इयावाला:
फाय म्हणा, फाय.

वावरकर:
प्रत पाठवली. 'पाजवून' परत घातलं आणि 'खात्याकडून'च्या जागी 'लोहाराकडून' केलं. आईला वाचून दाखवलं तर म्हणाली, हा कोन लोहार? आपल्या गावात त खाती होता.