कोर्टात उभं राहणाऱ्या वकिलाने पीएचडी करावी का?

दांडियाबाजार (धागाकर्ती)

मी बडोद्यात सतरा वर्षं वकिली करते. बहुतेक काम फॅमिली कोर्टातलं. एलएलएम लग्नाआधीच झालं होतं. मागच्या महिन्यात कायद्यातल्या पार्ट-टाइम पीएचडीसाठी माझी निवड झाली आणि तेव्हापासून घरी, बार रूममध्ये, अगदी टायपिस्टच्या टेबलावरही एकच प्रश्न ऐकतेय: आता कशाला? माझं मत सांगते, मग तुमचं सांगा. वकिलाने पीएचडी जरूर करावी, पण तिचा प्रश्न कोर्टातून उठलेला असावा. निव्वळ नावाआधी 'डॉ.' लावायला करू नये.

माझा प्रश्न कुठून उठला ते सांगते. अडीच वर्षांपूर्वी एक बाई ऑफिसात आल्या. पदराच्या गाठीतून कागद काढला. पन्नास रुपयांचा स्टँप, चार घड्या, प्रत्येक घडीवर चिरलेला आणि मागून लावलेली सेलोटेप पिवळी पडलेली. पाच पंचांच्या सह्या, खाली नवऱ्याची सही, शेजारी बाईंचा अंगठा. वर लिहिलेलं: फारगती. आपल्याकडे काडीमोड म्हणतात, तेच. त्यानंतर दोघांनीही दुसरी लग्नं केली. बाईंचा दुसरा नवरा वारला तेव्हा पेन्शनचा प्रश्न आला. ऑफिस म्हणालं, पहिल्या लग्नाच्या घटस्फोटाची डिक्री, म्हणजे कोर्टाचा हुकूम, आणा. डिक्री कुठली आणणार?

हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९(२) ने रूढीने होणारा घटस्फोट शाबूत ठेवलाय. पण कलम ३ म्हणतं, रूढी दीर्घकाळ, सलग आणि एकसारखी पाळलेली हवी. अशी रूढी नेमकी मांडून सिद्ध करावी लागते, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीही सांगितलंय. फारगती मान्य व्हावी म्हणून आम्ही दावा लावला आणि साक्षीला जातीतले दोन म्हातारे उभे केले. उलटतपासात एक आजोबा म्हणाले, "हल्ली असं कुणी करत नाही साहेब." तिथेच सगळं संपलं. दावा फेटाळला. अपील हायकोर्टात आहे.

त्या रात्री मनात आलं, हे आपलं बडोदं आहे. संस्थानाने हिंदू घटस्फोटाचा कायदा १९३१ साली केला, देशाचा हिंदू विवाह कायदा यायच्या चोवीस वर्षं आधी. मग त्याआधी इथे फारगत्या कशा व्हायच्या, संस्थानाची कोर्टं त्या मानायची की नाही, हे इथल्या दप्तरात नसेल तर कुठे असेल? मला ते शोधायचंय आणि नीट पद्धत शिकून शोधायचंय.

जुनी सनद

ताई, राग मानू नका. मी बत्तीस वर्षं या कोर्टांत आहे. न्यायमंदिराच्या, म्हणजे जुन्या कोर्टाच्या, जिन्यावर सनदेची पहिली वर्षं गेली, आता दिवाळीपुऱ्यातल्या नव्या कोर्टात असतो. आजवर एकाही जजसाहेबांनी मला विचारलं नाही की तुमची डिग्री कोणती. त्यांनी विचारलं ते हेच, तुमचा कागद कुठेय.

तुमच्याच दाव्याचं घ्या. अपील अजून चालायचंय ना? मग आजच दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ४१ रूल २७ खाली अतिरिक्त पुराव्याचा अर्ज तयार करा. संस्थानच्या काळातला, त्याच जातीतला, फारगती मान्य केलेला एक निकाल सापडला आणि त्याची सही-शिक्क्याची नक्कल मिळाली, तर ती बाई वाचेल. त्याला प्रबंध लागत नाही. चार दिवस धूळ खायची तयारी लागते. सहा वर्षांनी तुम्ही डॉक्टर व्हाल तेव्हा त्या बाईचं पेन्शन कुठे असेल?

तुम्हाला पंधरा-वीस ज्युनिअर घडवता आले असते, तो वेळ तुम्ही क्रेडिटं आणि फॉर्मांत घालवणार. मला हे मनापासून चुकीचं वाटतं.

तिसरा तास

मी कायदा शिकवते, म्हणून आधी नियमांचं सांगते, कारण अर्धं घाबरणं तिथलंच असतं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएचडीला किमान तीन आणि कमाल सहा वर्षं. पुन्हा नोंदणी केली तर आणखी दोन, आणि स्त्रियांना त्यावर आणखी दोन, म्हणजे एकूण जास्तीत जास्त दहा. कोर्सवर्क किमान बारा क्रेडिटांचं. संशोधन-निबंध छापून आलाच पाहिजे ही सक्ती त्या वर्षी गेली.

आता माझं मत. नोकरीसाठी करत असाल तर करू नका. असिस्टंट प्रोफेसर व्हायला २०२३ पासून नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा पुरते, पुढच्या बढतीला पीएचडी लागते ती गोष्ट वेगळी. शिकवायची हौस असेल तर तीही वकिली न सोडता भागते, बार कौन्सिलच्या नियमाने वकील दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवू शकतो. पण ताईंनी यातलं काहीच मागितलेलं नाही. त्यांना उत्तर हवंय. असा विद्यार्थी वर्गात आला की आम्हालाच उभारी येते.

अर्धवट प्रबंध

मी पाच वर्षं घालवून सोडलेला माणूस आहे. विद्यापीठाचं नाव घेत नाही, बडोद्यातलं नाही एवढंच सांगतो. माझा विषय होता ट्रायल कोर्टातल्या जामीन-अर्जांचा अभ्यास, तीन तालुक्यांच्या कोर्टांतून. दोन वर्षं रजिस्टरं पाहून हाताने तक्ते केले. मग मार्गदर्शक निवृत्त झाले. नवे मार्गदर्शक म्हणाले, हे फार पसरट आहे, 'जामीन: घटनात्मक तरतुदी आणि न्यायालयीन दृष्टिकोन' असं करा. म्हणजे कोर्टात कधी न जाता, छापील निकाल वाचून लिहा. माझे तक्ते अजून माळ्यावरच्या खोक्यात आहेत.

शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, जाऊन कायद्याचे वीस प्रबंध उघडून बघा. प्रस्तावना, ऐतिहासिक पार्श्वभूमी, घटनात्मक तरतुदी, न्यायालयीन निकाल, दोनशे लोकांची प्रश्नावली, निष्कर्ष आणि सूचना. विषय बदलतो, साचा बदलत नाही. ताई, तुमचा प्रश्न सोन्यासारखा आहे, म्हणूनच काळजी वाटते. तो या साच्यात घातला की पहिल्या प्रकरणात मनुस्मृती येईल, शेवटच्यात 'जनजागृती करावी' येईल, आणि तुमची फारगती मधे चार पानांत उरकली जाईल.

तिसरा तास

@अर्धवट प्रबंध, तुमच्यावर अन्यायच झाला. तक्ते फेकू नका. आजच्या नियमांत निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्या शिक्षकाला नवा संशोधक घेता येत नाही. ताई, मार्गदर्शक ठरवताना त्यांची निवृत्तीची तारीख आणि हाताखाली आधीच किती जण आहेत, हे दोन्ही तोंडावर विचारा. प्रोफेसरला आठ, असोसिएटला सहा, असिस्टंटला चार एवढीच मर्यादा आहे. विचारण्यात उद्धटपणा नाही.

साचा मात्र आहे, ते नाकारत नाही. आम्ही शिक्षकांनीच तो सांभाळलाय, कारण निकाल वाचून लिहिलेला प्रबंध तपासायला सोपा. दप्तर वाचून लिहिलेला प्रबंध तपासायला परीक्षकालाही मोडी यायला हवी.

वाडी नाका

बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली कोलंबियाला गेले ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंड. तिथलाच त्यांचा प्रबंध १९२५ साली छापला गेला तो सयाजीरावांना अर्पण केलेला, आणि १९२७ साली पीएचडी मिळाली. या गावात 'वकिलाला पीएचडी कशाला' असं विचारणं मला पटत नाही.

जुनी सनद

उदाहरण मोठं आहे, पण नीट बघा. त्यांची डॉक्टरेट अर्थशास्त्रातली, सरकारी वित्तव्यवस्थेवरची. कायद्यासाठी ते लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले. आणि शिष्यवृत्ती होती म्हणून पूर्ण वेळ बसून अभ्यास करता आला. शिकून १९१७ साली याच बडोद्यात परत आले तर राहायला घर मिळालं नाही, हेही गावाने विसरू नये.

आमच्या ताईंना साडेअकरा पौंड कोण देणार? जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर महिना सदतीस हजार, पण ती पूर्ण वेळवाल्यांना. ताई सकाळी कोर्टात, दुपारी अशिलांत, संध्याकाळी घरात. संशोधन रात्री अकरानंतर. माझा आक्षेप ताईंच्या बुद्धीवर नाहीच. त्यांच्या वेळेची मला काळजी आहे.

दांडियाबाजार (धागाकर्ती)

वकीलसाहेब, रूल २७ चं तुम्ही म्हणालात ते शंभर टक्के खरं. ते मी आधीच करायला हवं होतं. या आठवड्यात अर्जाला हात घालते.

पण त्यापुढचं ऐका. समजा एक निकाल सापडला. एका जातीचा, एका वर्षाचा, एका महालातला, म्हणजे तालुक्यातला. समोरचे वकील म्हणतील, एका निकालाने रूढी सलग ठरते का? आणि ते बरोबरच असेल. रूढी वादात असली की ती पूर्वी मानली गेल्याचे प्रसंग पुराव्यात येतात, पण प्रसंग बरेच लागतात. ते दशकादशकाने, तालुक्यातालुक्याने कुणीतरी लावून ठेवलेले हवेत. अशीलाची फी घेऊन ते काम होत नाही. कुठलीच अशील सहा वर्षं थांबणार नाही, हे तुमचंच म्हणणं. म्हणूनच ते अशीलाविना करायचं.

जुनी सनद

आणि तुमचा प्रबंध कोर्टात पुरावा होणार का? नाही. पुरावा तो मूळ कागदच.

दांडियाबाजार (धागाकर्ती)

नाही होणार. पण कुठल्या दप्तरातल्या कुठल्या बाडाची नक्कल मागवायची, ते प्रबंधाच्या तळटिपेत असेल. आज गोध्र्याच्या किंवा मेहसाण्याच्या ज्युनिअरला ते कुठेच मिळत नाही. तो बिचारा दोन म्हातारे उभे करतो आणि हरतो.

कोठीचा जिना

मी वकील नाही. मोडी वाचतो, घरची इनामाची कागदपत्रं सोडवायची म्हणून शिकलो, आणि पुढे पुराभिलेखागारात बसायची सवय लागली. दोन्ही बाजूंना थोडं अडवतो.

'चार दिवस धूळ खा' इतकं ते सोपं नाही. 'फारगती' असं शीर्षक असलेलं बाड आयतं हातात येईल ही आशा सोडा. माझ्या अनुभवात घरातल्या बायकांच्या गोष्टी जमिनीच्या आणि वारसाच्या तंट्यात सापडतात. आमच्याच कागदांत एका चुलत पणजीचा उल्लेख एका ओळीत आहे, तोही शेताच्या हिश्श्याच्या अर्जात: 'सबब सदरहू बाईस सोडचिठी होऊन ती दुसरे घरी गेली असे.' तेवढंच. ती ओळ लागायला मला पाच दुपार लागल्या, कारण 'सोडचिठी' मधला 'ठ' मी 'व' वाचत होतो.

दुसरं, सगळं मोडीत असेल असंही धरू नका. संस्थानच्या न्यायालयांची भाषा मुख्यतः गुजराती. म्हणजे मराठी, मोडी, जुनी गुजराती आणि वर कायद्याची समज, हे चारही एकाच माणसात हवं. असे किती जण आहेत बडोद्यात? दांडियाबाजारातल्या एखाद्या वकीलबाईच असू शकतात. म्हणून माझं मत ताईंच्या बाजूने. वीस वर्षांनी हे चारही येणारं कुणी उरेल याची मला खात्री नाही.

अर्धवट प्रबंध

हे वाचून मत थोडं हललं. तरी एक अट घाला ताई. विषयाच्या नावातच काळ आणि प्रदेश बांधून घ्या. 'बडोदे संस्थानातील रूढीजन्य घटस्फोट, अमुक साल ते १९४९', विलीनीकरणापर्यंत. नाव सैल ठेवलं की दुसरा कुणीतरी येऊन ते ओढतो. माझ्या नावात 'तीन तालुके' हे शब्द नव्हते, तिथेच फसलो.

जुनी सनद

मी अजूनही म्हणेन, डिग्री नको, काम करा. पुस्तक लिहा, मी छपाईला पैसे देतो, हे शब्द राखून ठेवा. विद्यापीठाची सहा वर्षांची चौकट कशाला हवी?

दांडियाबाजार (धागाकर्ती)

कारण मला पद्धत येत नाही, वकीलसाहेब. मला माझ्या अशीलाच्या बाजूचा कागद शोधता येतो. विरुद्ध जाणारा सापडला तर तो बाजूला कसा ठेवायचा, हे सतरा वर्षांत चांगलं शिकले. कोठीतल्या जुन्या दप्तरात उद्या असा निकाल निघाला की संस्थानाच्या कोर्टाने फारगती मोडीत काढली, तर वकील म्हणून मी तो परत बांधून ठेवीन. संशोधक म्हणून तो पहिल्या पानावर घ्यावा लागेल. तसं करायला लावणारं कुणीतरी वर हवं, दोन बाहेरचे परीक्षक हवेत, तोंडी परीक्षेत उभं करून विचारणारे हवेत. पुस्तक लिहिताना मला कोण अडवणार?

जुनी सनद

आणि असा निकाल खरंच निघाला तर तुमच्या बाईंच्या अपीलाचं काय?

दांडियाबाजार (धागाकर्ती)

दोन दिवस त्याचाच विचार करतेय. अपीलाचं वकीलपत्र मी दुसऱ्याकडे द्यावं असं वाटतं. तुम्ही घ्याल का? रूल २७ चा अर्ज तुमच्याइतका चांगला कुणी लिहिणार नाही. अहमदाबादच्या तारखांना मी बाईंना घेऊन येईन, फाईलही मीच लावून देईन.

जुनी सनद

फाईल पाठवा. फी बाईंकडून घेणार नाही. पीएचडीबद्दलचं मत तेच आहे.

कोठीचा जिना

ताई, कोर्टाची मे महिन्याची सुट्टी लागली की कळवा. मोडीचे पहिले पंधरा दिवस मी शेजारी बसतो. येताना भिंग आणा, आणि पेन नको, पेन्सिल.