अबॅकसमुळे खरंच सगळ्या विषयांत फरक पडतो का?

चिंचवडची_आई
मुलगा चौथीत आहे, दुसरीपासून अबॅकसला (मणी सरकवून आकडेमोड शिकवतात त्या क्लासला) जातोय. पाहुणे आले की आजोबा हटकून त्याला आकडे घालणार, हा डोळे मिटून हवेत बोटं हलवणार आणि उत्तर हजर, सगळे खूश. पण परवा शाळेच्या वहीत उदाहरण होतं, एका पेटीत २४ आंबे, अशा ६ पेट्या, त्यातले १५ खराब निघाले तर चांगले किती उरले. याने झटक्यात ४५ लिहिलं!! दिसतील त्या आकड्यांची बेरीज करून मोकळा. क्लासच्या मॅडम म्हणतात पुढच्या लेव्हल्स कराच, एकाग्रता वाढते, स्मरणशक्ती वाढते, सगळ्याच विषयांत फरक पडतो. फी काही कमी नाहीये. कुणाला असा फरक दिसलाय का, की उगाच पैसे घालतेय मी?

सहज_सुचलं
मॅडमचं निम्मं खरं आहे. यावर आपल्याच देशात नीट प्रयोग झालाय, वडोदऱ्याच्या एका शाळेत दोनशेच्या आसपास मुलं घेतली, चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडले, एका गटाला मनातला अबॅकस (मणी नुसते डोळ्यासमोर आणून हिशोब) शिकवला आणि दुसऱ्याला तेवढाच वेळ जादाचं नेहमीचं गणित, असं तीन वर्षं चाललं. २०१६ ला निकाल छापून आला. आकडेमोडीत अबॅकसवाली पोरं पुढे गेली, ते मान्यच. पण स्मरणशक्ती वगैरे मूळ क्षमता वाढल्याचं काही दिसलं नाही. उलट ज्यांना आधीपासूनच चित्र डोळ्यासमोर धरून ठेवायला जमत होतं त्यांनाच अबॅकस जास्त मानवला.

स्मरणशक्तीचं म्हणाल तर अमेरिकेतला एक जुना किस्सा भारी आहे (१९८० ला प्रसिद्ध झाला). एका कॉलेजच्या पोराला एकदा ऐकलेले आकडे ओळीने म्हणायची प्रॅक्टिस दिली, सुरुवातीला सातच जमायचे, ते दीड-पावणेदोन वर्षांत ७९ वर गेले! मग आकड्यांऐवजी अक्षरं ऐकवली तर गडी थेट सहावर. पळणारा होता तो, आकडे शर्यतीच्या टायमिंगमध्ये बसवून लक्षात ठेवायचा, अक्षरांना तो आधारच नाही. म्हणजे स्मरणशक्ती वाढली नव्हती, एक युक्ती तयार झाली होती.

मणी_मोजणारी
मी अबॅकस शिकवते, त्यामुळे बोलायलाच हवं. ७ मिळवायचे तर १० मिळव आणि ३ काढ, हे बिग फ्रेंडचे नियम बोटांत बसायलाच वेळ जातो. शाब्दिक उदाहरणं आमच्या लेव्हलमध्ये नसतातच. आणि एका जागी न बसणारी मुलं वीस मिनिटं मान वर न करता शीट सोडवतात हे मी रोज बघते, ते काय खोटं आहे का?

सहज_सुचलं
खोटं नाही हो. पण ते शीटपुरतं. इतिहासाच्या धड्यापुढे तेच पोर चुळबुळ करतं की नाही ते सांगा. आणि शाब्दिक उदाहरणं येत नाहीत तर पत्रकावर "सर्वांगीण बौद्धिक विकास" कशाला छापायचा?

खडू_फळा
जि. प. शाळेत शिकवतो. आमच्या वर्गातली एक मुलगी आठवडी बाजारात आईबरोबर भाजी विकते, पावशेर मिरची, दोन जुड्या मेथी, पन्नासची नोट, परत किती, हे सगळं तोंडावर. तेच फळ्यावर उभं मांडलं की गप्प. कोलकाता-दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवरचा मोठा अभ्यास २०२५ ला आला त्यातही हेच, आणि उलटंही, शाळेत हुशार असलेली पोरं बाजारातल्या हिशोबाला अडखळली. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात १९८५ लाच असं दिसलं होतं. एकीकडचं दुसरीकडे आपोआप जात नाही, कुणीतरी हाताला धरून न्यावं लागतं.

ताई, तुमच्या मुलाचं गणित कच्चं नाहीये, तो गोष्ट वाचतच नाहीये. अबॅकसच्या शीटवर आकडे दिसले की मिळवायचे नाहीतर वजा करायचे, तीच सवय आंब्यांवर चालवली. मारुती चालवणारा फोक्सवॅगनमध्ये बसला की वळताना इंडिकेटरऐवजी वायपर लावतो ना (दांडे उलट बाजूंना असतात), तसं. आता असं करा, उदाहरणातले आकडे बोटाने झाका. "एका पेटीत काही आंबे, अशा बऱ्याच पेट्या, थोडे खराब निघाले" एवढंच वाचायला लावा आणि विचारा काय करशील. ते त्याच्या तोंडून आलं की मगच बोट काढा. मग तेच गणित बसच्या सीटवर घाला, नंतर लग्नाच्या पंगतीवर, आणि दरवेळी "हे कशासारखं आहे रे?" एवढं विचाराच. मोठ्यांनासुद्धा दोन गोष्टींतलं साम्य कुणी सुचवलं नाही तर बहुतेक वेळा दिसत नाही, आणि "आधीची गोष्ट आठव" म्हटलं की पटकन सुटतं, यावर १९८० पासून प्रयोग झालेत.

चिंचवडची_आई
झाकून बघितलं काल. आधी वैतागला, "आकडेच नाहीत तर करू काय" म्हणे. पण पेट्या सगळ्या सारख्या आहेत का हे त्याने स्वतःहून विचारलं. मग क्लास बंदच करू ना?

खडू_फळा
चालू लेव्हलचे पैसे भरलेत ना, ती होऊ द्या. पुढची घ्याल तर वेगासाठी घ्या, इंग्रजी-परिसर अभ्यास सुधारेल या आशेवर नको.

मणी_मोजणारी
पुढे गुणाकार-भागाकार येतो हेही बघा. तो शाळेत जसाच्या तसा कामाला येतो, त्यात तरी कुणाला शंका नसावी 🙂

चिंचवडची_आई
भागाकाराला अडतोच तो. ठीक आहे, मग एक लेव्हल अजून बघते, आणि बाकीचं घरी आंब्या-पंगतीवर.